शालिग्रामची लाल विहीर

दापोऱ्याच्या शालिग्राम महाजनाला गावात सगळे शालिक म्हणत. खरं बोलण्याचा शालिकला आयुष्यात कधी फारसा त्रास झाला नव्हता, कारण चार लोक बोलतात तेवढंच तोही बोलायचा. केळीचे घड किती किलोचे पडले, असं कोणी बांधावरून विचारलं की "हायेत आपले बरे" म्हणायचं. तब्येत कशी, तर "चाललं ढकलत". यात कोणी कोणाला फसवत नाही. विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. पण या माघात पोरीच्या मायेपोटी शालिकनं एक आकडा पूर्ण खरा सांगितला. मग दर सोमवारी सांगत राहिला. आणि त्या खऱ्यापायी साठी ओलांडल्यावर भर ग्रामसभेत चोर ठरायची पाळी त्याच्यावर आली.

पोरीचं नाव भूमिका. भोपाळला शिकून ती बऱ्हाणपुरातल्या एका संस्थेत लागली होती. काम पाण्याचं. लोकांना शालिक एवढंच सांगायचा, कारण पुढचं त्याला सांगता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनं ते त्याला घरातल्या कापसाच्या गादीवर समजावलं होतं. एका कोपऱ्यावर स्वतः बसली आणि म्हणाली, "आप्पा, बघा, मी इथं बसले तर तिकडचा कोपरा वर येतो. जमिनीतलं पाणी असंच असतं. तुम्ही मोटर चालवली की फक्त तुमच्या विहिरीतलं पाणी उतरत नाही, शेजारचंही हलतं. नाला, तापी, पाऊस, केळीची पानं, लाइट किती तास असते, सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. ते सगळं कंप्युटरमध्ये घालायचं आणि त्याला विचारायचं, की बाबा रे, जेठात काय होणार?"

"अन तो सांगते?"

"सांगतो. पण त्याला खरे आकडे लागतात."

शालिक बराच वेळ त्या गादीकडे बघत राहिला होता. पोर हुशार निघाली याचा आनंद होताच. त्याहून जास्त आनंद याचा, की आपल्याला समजेल असं सांगायला ती गादीवर बसली.

भूमिकानं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या हिमानीनं पहिलं वर्ष नुसतं फिरण्यात घातलं. नाल्याकाठच्या बावन्न विहिरी, त्यांची खोली, जमिनीचा उतार, कोणाची किती खोडं केळी, सगळं टिपून घेतलं. फक्त पाणी मोजायला गावानं त्यांना विहिरीत वाकू दिलं नाही. परक्यानं विहिरीचं पाणी मोजू नये, हा दापोऱ्याचा जुना रिवाज. मोजेल तो धनीच. दोरीला दगड बांधायचा, तळाला टेकेपर्यंत सोडायचा, वर ओढून भिजलेली दोरी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हातानं मोजायची. तेव्हा ठरलं असं, की दर सोमवारी सकाळी ज्यानं त्यानं आपली विहीर मोजायची आणि हातांचा आकडा मोबाइलवर भूमिकाला पाठवायचा.

आता यात एक मेख होती, आणि ती पोरींना कोणी सांगितली नाही. लपवायची म्हणून नव्हे. सगळ्यांना माहीत असतं ते सांगायचं सुचतच नाही कोणाला. आणि भूमिका गावचीच असली तरी दोरी मोजणं धन्याचं काम, ते तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं. मेख अशी, की माघ लागला की दापोऱ्याचा माणूस भिजलेल्या दोरीचे वरचे हात मोजत नाही. ते आसरांचे. पाण्यात राहणाऱ्या त्या सात बहिणी. त्यांच्या वाट्याचं पाणी आपलं म्हणून मोजायचं नाही, आणि त्याचा आकडा तर तोंडातून काढायचाच नाही, नाहीतर विहिरीला नजर लागून झरे बसतात. कोणी दोन हात सोडतो, कोणी तीन. ज्याच्या घरी पहिलटकरीण सून असेल तो चारही सोडतो. पावसाळ्यात हा प्रश्न नसतो, विहिरी काठोकाठ असतात, पाणी डोळ्यालाच दिसतं. म्हणून पौषापर्यंत भूमिकाचा कंप्युटर आणि गावाचे आकडे कसे गळ्यात गळे घालून चालले होते.

माघातला पहिला सोमवार आला. शालिकनं दोरी वर काढली. भिजलेले सोळा हात. सवयीनं त्यानं वरचे दोन सोडले आणि चौदा टाइप केले. पाठवणार, तेवढ्यात पोरीचं बोलणं आठवलं. आदल्याच आठवड्यात तिनं फोनवर सांगितलं होतं, "आप्पा, तुमचा आकडा एकदम पक्का पाहिजे हं. तुमच्या विहिरीवरून मी बाकीच्या ताडून बघणार आहे." दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर शालिकनं ऐकून सोडून दिलं असतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, विहिरीकडे तोंड करून हात जोडले, "माय हो, पोरीचं काम हाये, राग मानू नका," म्हणाला, आणि चौदा खोडून सोळा लिहिले.

ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नाही. गोदाबाई सणवाराची पक्की होती. तिनं त्याला विहिरीवरच उपाशी बसवलं असतं.

होळी झाली, आणि एका रविवारी भूमिका बऱ्हाणपुराहून घरी आली ती गप्पच. आईनं भरीत-पुरी वाढली तर चिवडत बसली. जेवण झाल्यावर तिनं वडिलांना ओट्यावर बोलावलं आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर नाला होता, नाल्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके. एक्कावन्न ठिपके निळे. एक लाल.

"हा कोनाचा?" शालिकनं विचारलं, जरी जागा बघताच त्याला कळलं होतं.

"आपला."

तिनं सांगितलं ते असं. दोन महिने आजूबाजूच्या सगळ्या विहिरी उतरत होत्या, आणि ही एकटीच दोन-तीन हात वर होती. जमिनीखाली पाणी असं एका खड्ड्यात उंच उभं राहत नाही, ते शेजारी पाझरतं. तरीही ते वर राहतंय, म्हणजे विहिरीत बाहेरून पाणी पडतंय. कंप्युटरच्या मते एकच कारण शक्य होतं. कोणीतरी खोल बोअर मारून तिचं पाणी या विहिरीत सोडत होतं.

नवी बोअर मारायची नाही, असा ठराव दापोऱ्यानं गेल्या वर्षीच केला होता. आणि तो मांडला होता शालिग्राम महाजनानं.

"आप्पा," भूमिका खाली बघत म्हणाली, "बोअर मारली का तुम्ही?"

असा प्रश्न पोरीच्या तोंडून येईल असं शालिकला वाटलं नव्हतं. त्याला राग आला नाही. "नाही," तो म्हणाला.

"माझा विश्वास आहे. पण मग कंप्युटर खोटं बोलतोय का?"

"तो काऊन खोटं बोलीन."

"मग?"

मग काय, ते शालिकच्या जिभेच्या टोकावर होतं. सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण सांगायचं काय? की पोरी, गावानं तुला एक्कावन्न विहिरींचे आकडे कापून दिले, तुझ्या दोन वर्षांच्या मेहनतीत भुसा भरलाय, आणि शुक्रवारी ग्रामसभेत तू ज्या नकाशावरून उन्हाळ्याच्या मोटरींच्या पाळ्या ठरवणार आहेस तो फुकट आहे? संस्थेचे साहेब काय म्हणतील? गावची पोर, तिला गावाचंच माहीत नाही? शालिकनं दुसराच मार्ग काढला.

"एक काम कर. माह्या विहिरीचे दोन हात कमी करून टाक. होते निळी."

भूमिकानं असं पाहिलं, जणू बापानं चोरीच करायला सांगितली. "आप्पा! आकडे असे उतरवतात का? उठा, चला विहिरीवर."

तिनं स्वतः टेप सोडली, आणि बापानं तिला अडवलं नाही. दहा हात. त्यानं मागच्या सोमवारी पाठवले होते तेही दहाच. म्हणजे आकडा बरोबर होता, आणि तो बरोबर होता म्हणूनच गुन्हा अधिक घट्ट झाला. मग ती केळीच्या सऱ्यांमधून पाइप शोधत फिरली. ठिबकच्या नळ्या होत्या, बाकी काही नव्हतं. वाळलेली पानं बाजूला सारत ती खोडाखोडापाशी वाकत होती आणि शालिक बांधावर उभा राहून स्वतःच्या पोरीनं घेतलेली स्वतःची झडती बघत होता.

घामेजून ती परत आली. "काही नाही सापडलं."

"नसंल तर कसं सापडंल."

"हिमानी म्हणाली, तेरे पापा का कुआँ है, एक पॉइंट हटा दे, कौन देख रहा है. पण मी नाही काढणार, आप्पा. माझ्या वडिलांची विहीर म्हणून मी लाल ठिपका पुसला, तर बाकीच्या एक्कावन्न जणांना काय तोंड दाखवू? सभेत जसं आहे तसं दाखवणार. आणि बोअर सापडली नाही, हेही सांगणार." बोलता बोलता तिचे डोळे भरले. "तुम्हाला चालेल?"

शालिकला त्या क्षणी आपल्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की आपली गावात अब्रू जाणार आहे हे तो घडीभर विसरून गेला. "चालते की," तो म्हणाला. "तुह्या कामाले मी कधी आडवा आलो का?"

चार दिवस त्यानं नीट जेवण घेतलं नाही. गोदाबाईनं पित्ताचं चूर्ण दिलं. ते त्यानं घेतलं.

शुक्रवारी दुपारी पंचायत भवनात अख्खा दापोरा जमला. पाण्याच्या पाळ्या ठरायच्या असल्या की दापोऱ्यात कोणाला दुपारची झोप लागत नाही. सरपंच कौशल्याबाई खुर्चीवर, भिंतीवर पांढरी चादर, आणि चादरीवर भूमिकानं टाकलेला नाला. लोकांनी आपापले ठिपके शोधले, एकमेकांना दाखवले, लहान मुलांसारखे खूश झाले. मग कोणाचं तरी लक्ष लाल ठिपक्याकडे गेलं आणि गलका थांबला.

"ही विहीर माझ्या वडिलांची आहे," भूमिकानं सांगून टाकलं. कंप्युटर काय म्हणतो ते तिनं सगळं सांगितलं. टेपनं मोजलं, शोधलं, बोअर सापडली नाही, हेही सांगितलं. "मग पाणी कुठून येतंय, ते मला माहीत नाही."

"आमाले माहीत हाये," मागून कडू म्हणाला. कडूला सगळं माहीत असायचंच. "होळीच्या आधी बोअरची गाडी मी माह्या डोयानं पाह्यली. चांदनी गावाकडं चालली होती. परत येता येता कुठं थांबली असंल, कोनाले माहीत!"

लोक हसले नाहीत, तेच वाईट झालं. शंभर माना शालिककडे वळल्या. कौशल्याबाईंनी अडखळत विचारलं, "शालिकभाऊ, तुम्ही सांगा."

शालिक उभा राहिला. "बोअर नाही मारली," म्हणाला.

"मग पानी आलं कुठून?"

शालिकनं समोर बसलेल्यांकडे पाहिलं. एक्कावन्न विहिरींचे धनी, बहुतेक त्याच्याबरोबर शाळेत गेलेले. आपण माघात किती हात सोडले ते त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण शालिकनं सोडले नसतील, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येत नव्हती. असं कोणी करत नाही. शालिकनं लॅपटॉपमागे उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि खाली बसला.

पहिल्या रांगेत उखर्डू बसला होता. शालिकचा चाळीस वर्षांपासूनचा बांधशेजारी. दोघांची मैत्री अशी, की भांडल्याशिवाय एकाचाही दिवस जात नसे. यंदा उखर्डूचे घड दृष्ट लागण्यासारखे भरले होते, म्हणून त्यानं आसरांना तीन हात दिले होते. मघापासून तो चादरीकडे बघत होता. त्याचा निळा ठिपका त्या लालला अगदी खेटून होता. शालिकची विहीर नि त्याची विहीर यांच्यात पन्नास पावलांचं अंतर; इकडे दहा हात, तिकडे सात. उखर्डू शाळेत गणितात नापास व्हायचा, पण हे गणित त्याचं त्यालाच सुटलं. तो शालिककडे वळला.

"शालिक, तू वरचे हात बी मोजले?"

शालिकनं पुन्हा एकदा पोरीकडे पाहिलं.

"माघापासून?"

शालिकनं मान हलवली.

"काऊन रे?"

"पोरीनं पक्का आकडा मांगितला होता," शालिक म्हणाला.

उखर्डू उठला. गुडघ्यावर हात टेकून, वेळ लावून उठला. तोंडातली तंबाखू दाराबाहेर थुंकून आला आणि चादरीसमोर उभा राहिला. "माह्या विहिरीले दहा हात पानी हाये," तो मोठ्यानं म्हणाला. "सात नाही. दहा."

विहिरीचं पूर्ण पाणी चार माणसांत असं तोंडानं बोललेलं दापोऱ्यात कोणी ऐकलं नव्हतं. मागच्या एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. उखर्डूचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता, पण आता माघार घ्यायला उशीर झाला होता.

"याची विहीर लाल झाली ती आमच्या कापलेल्या आकड्यापायी," तो म्हणाला. "याले चोर म्हनाचं असंल तर आधी मले म्हना. अन कडू, तू किती सोडले, सांग!"

कडूनं छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. "चार," तो शेवटी म्हणाला. "सून पोटुशी हाये ना."

मग बांध फुटला. कोणी अकरा सांगितले, कोणी साडेआठ. एकानं दोन सोडले म्हटल्यावर त्याच्या बायकोनं बायकांच्या रांगेतून तीन म्हणून दुरुस्ती केली. भूमिका आधी नुसती बघत राहिली. तिला काही कळत नव्हतं, आणि कौशल्याबाईंनी आसरांचं सांगितलं तेव्हा सगळं एकदम कळलं. ती खाली बसली आणि येईल तो आकडा भराभर लिहू लागली. गोदाबाई मात्र बायकांच्या रांगेतून नवऱ्याकडे अशी बघत होती, की आज घरी गेल्यावर काय होणार हे शालिकला स्पष्ट दिसत होतं.

कंप्युटरनं पुन्हा हिशोब करायला दहा मिनिटं घेतली. लाल गेला. बावन्नच्या बावन्न निळे. पाळ्या आठवड्यातून चार दिवसांच्या बसल्या, आणि केळी जेठ काढेल असं दिसलं.

"अन आसरांचं काय?" म्हातारीनं विचारलं.

भूमिकानं क्षणभर विचार केला. "आजी, मोजताना सगळं मोजू. वाटताना वरचे दोन हात वाटायचेच नाहीत. पाळ्या उरलेल्यावर." म्हातारीनं कान सोडले. कंप्युटरनं पाळ्या तीन दिवसांवर आणल्या, आणि कुरकुर न करता गावानं त्या मान्य केल्या.

सभा उठली तेव्हा उखर्डू शालिकजवळ आला. "शालिक, मोठ्यानं बोललो मी. झरे बसले तं?"

"माह्या विहिरीवर ये."

"अन तुही बसली तं?"

"मंग दोघं मिळून कडूच्या विहिरीवर जाऊ."

उखर्डू हसला, शिवी दिली आणि घरी गेला.

भूमिका वायरी गुंडाळत होती. चादर खाली काढायला शालिक पुढे झाला. दोघांनी दोन टोकं धरली, घडी घालायला जवळ आले.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी तुमच्या केळीत पाइप शोधत फिरले, तेव्हाही?"

"हो ना."

"लोक चोर म्हणत होते आप्पा तुम्हाला! सांगितलं का नाही?"

शालिक चादरीची कडा जुळवत राहिला. "मले चोर म्हनले असते तं वर्षभर म्हनले असते. मंग विसरले असते. तुह्या कामाले खोटं म्हनले असते तं तू जन्मभर विसरली नसती."

भूमिकानं आपलं टोक त्याच्या हातात दिलं, पण हात सोडला नाही. "बावन्नमध्ये तुमचा एकच आकडा खरा होता," ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आवरेना. "आणि मी त्यालाच लाल केलं."

"मंग काय झालं," शालिक म्हणाला, "तूच केलं ना?"